कै. राम गणेश गडकरी : दुःखाचे औषध आणि एकच प्याला

आपल्या प्रताप नगराहून निघून मानकापूर, कोराडी व पाटणसावंगी मागे टाकीत छिंदवाड्याच्या वाटेला लागले म्हणजे सुमारे ४० किलोमीटरांवर सावनेर येते. कोलार नदीकाठचे हे तालुक्याचे गाव. भोवती कपाशीची शेते आणि संत्र्यांचे बगीचे. नागपूरकरांपैकी पुष्कळ जण या रस्त्याने वर्षानुवर्षे ये-जा करितात. परंतु मराठी रंगभूमीचा एक अलौकिक नाटककार याच गावी, आपल्या भावाच्या घरी, दीर्घ आजाराने झिजत झिजत दिनांक २३ जानेवारी १९१९ रोजी इहलोक सोडून गेला, ही गोष्ट त्यांपैकी थोड्यांच्याच ध्यानी असते. राम गणेश गडकरी हे त्यांचे नाव. मृत्युसमयी त्यांचे वय अवघे ३३ वर्षांचे होते.

गडकऱ्यांचे नाव आमच्या विद्यार्थ्यांस अगदीच अपरिचित आहे असे नाही. महाराष्ट्रभूमीच्या कणखरपणाचे आणि कोमलपणाचे एकाच श्वासात गुणगान करणारे त्यांचे गीत शाळाशाळांतून म्हटले जाते. ‘एकच प्याला’ या त्यांच्या नाटकाचे नाव तर ज्याने ते कधी पाहिले अथवा वाचिले नाही त्याच्याही तोंडी असते. किंबहुना ते नाव आता एक म्हणच होऊन बसले आहे. वक्तृत्वाच्या चढाओढीत मद्यपानाचा विषय निघाला, की बोलणारा मुलगा सुधाकराचे उदाहरण देतो, दारू वाईट असे सांगतो आणि टाळ्या घेऊन खाली बसतो. त्यात खोटे काही नाही. तथापि एवढे सांगावयास गडकऱ्यांची प्रतिभा लागत नव्हती. ते काम भिंतीवरची पाटीही करिते. सुधाकरासारखा बुद्धिमान, स्वाभिमानी व निर्व्यसनी पुरुष पहिला प्याला मुळी हाती का घेतो, हा प्रश्न त्या नाटकाच्या बुडाशी आहे, आणि त्याचे जे उत्तर गडकऱ्यांनी दिले ते समजावयास आपल्या समाजास पुढे पुष्कळ वर्षे लागली. त्या उत्तरासाठी त्यांचे चरित्र येथे सांगावयाचे आहे.

गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातेत नवसारी येथे, एका मध्यमस्थितीतील चांद्रसेनीय कायस्थ प्रभू कुटुंबात झाला. नवसारी त्या काळी बडोदे संस्थानात मोडत असे. घरात मराठी, बाहेर गुजराती, आणि आरंभीचे शिक्षणही गुजरातीतूनच. अशा स्थितीत वाढलेल्या मुलाने पुढे मराठी भाषेला असे काही वळण द्यावे की तिच्या वैभवाने लोकांनी थक्क व्हावे, हे एक नवलच म्हणावयाचे. ज्या मुलांना घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी असल्याचे ओझे वाटते, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेविण्याजोगी आहे.

वयाची दहा वर्षे पुरी होण्यापूर्वीच रामाचे पितृछत्र हरपले. त्यानंतर लवकरच एक धाकटा भाऊही गेला. घरातील मिळविता पुरुष गेल्यावर मागे राहिलेल्या कुटुंबाची त्या काळी जी गत होत असे तीच गडकरी कुटुंबाची झाली. नवसारी सुटली, काही काळ कर्जत येथे काढावा लागला, आणि अखेर पुण्यास बिऱ्हाड आले. पुढे गडकऱ्यांच्या काव्यात, मेलेले मूल मांडीवर घेऊन ते निजले आहे असे समजणारी व कोणाचेही न ऐकणारी एक आई येते. ती कविता वाचताना कित्येकांचे डोळे आजही भरून येतात. मृत्यू घरात शिरला म्हणजे माणसांची मने कशी होतात, हे गडकऱ्यांना पुस्तकावरून शिकावे लागले नव्हते.

पुण्यास मॅट्रिकची परीक्षा उतरून ते फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. येथे मात्र पहिल्याच वर्षी गणित या विषयाने त्यांना दगा दिला. ते नापास झाले, आणि कॉलेजचे शिक्षण तेथेच थांबले. विद्यार्थिमित्रहो, मराठीच्या पाठ्यपुस्तकांत ज्यांचे धडे व कविता आपण अभ्यासिता, आणि ज्यांच्या नाटकांवर पंडितांनी ग्रंथ लिहिले, त्या गडकऱ्यांच्या नावापुढे पदवी नाही. अर्थात नापास होणे ही काही भूषणाची गोष्ट नव्हे, आणि गडकऱ्यांनाही ती तशी वाटली नसेल. गरिबाच्या घरी एका मुलाच्या परीक्षेवर सगळ्यांच्या आशा टांगलेल्या असतात. ती आशा तुटल्याचा आवाज त्या मुलाला जन्मभर ऐकू येतो. आमच्या भागातील शिकवणीच्या वर्गांतून रात्री उशिरा सायकली घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींचे चेहरे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे निराळे सांगावयास नको.

पोटासाठी गडकऱ्यांनी पडेल ते काम केले. किर्लोस्कर नाटक मंडळीत ते राहिले, वृत्तपत्राच्या कचेरीत त्यांनी लेखणी झिजविली, काही काळ शाळेत शिकविले. या सगळ्यांत द्रव्य थोडे मिळाले. परंतु नाटक मंडळीच्या बिऱ्हाडी त्यांना जे पाहावयास मिळाले ते कोणत्याही विश्वविद्यालयात मिळाले नसते. रात्री दिव्यांच्या झगमगाटात राजा म्हणून मिरविणारा नट सकाळी उधारीच्या हिशेबासाठी कसा गयावया करितो, आणि टाळ्यांचा गजर ओसरल्यावर रिकाम्या नाट्यगृहात किती एकटा असतो, हे ते रोज पाहत होते. संसारसुखही त्यांच्या वाट्यास आले नाही.

साहित्यात त्यांनी दोन गुरू केले. काव्यात केशवसुत, आणि नाटकात व विनोदात श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. कोल्हटकरांविषयी आपणा नागपूरकरांस थोडा अभिमान बाळगण्यास हरकत नाही, कारण त्यांचा जन्म १८७१ साली आपल्याच नगरीत झाला आणि पुढे त्यांनी वऱ्हाडात वकिली केली. गडकऱ्यांनी कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने लिहिल्या, तर विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने. ‘गोविंदाग्रज’ म्हणजे गोविंदाचा वडील भाऊ. एकाच माणसाने दोन नावे घ्यावीत, एका नावाने वाचकास रडवावे आणि दुसऱ्याने पोट धरधरून हसवावे, हे चमत्कारिक खरे. परंतु विचार केला असता त्यात विसंगती दिसत नाही. ज्याचे मन फार लवकर दुखावते त्याला जगातील वेडगळपणाही इतरांच्या आधी दिसतो. बाळकरामाने सांगितलेली ठकीच्या लग्नाची हकीकत वाचून ज्याला हसू येत नाही असा वाचक विरळा. पण एका कुरूप मुलीसाठी स्थळे शोधता शोधता बापाचे व भावाचे जोडे झिजतात, हा तिचा मूळ विषय हसण्याचा आहे काय?

त्यांची पूर्ण झालेली नाटके चार : ‘प्रेमसंन्यास’, ‘पुण्यप्रभाव’, ‘एकच प्याला’ आणि ‘भावबंधन’. ‘राजसंन्यास’, ‘वेड्यांचा बाजार’ व ‘गर्वनिर्वाण’ ही अपुरी राहिली. यांपैकी ‘एकच प्याला’ हेच आजच्या लेखाचे प्रयोजन असल्याने इतरांची केवळ नावे घेऊन पुढे जातो.

ज्या काळात हे नाटक लिहिले गेले तो ध्यानात घेतला पाहिजे. मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारी कायदा झाला आणि दारू गाळणे व विकणे हे सरकारच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन ठरले. ताडीमाडीच्या जोडीला विलायती बाटली आली, आणि इंग्रजी शिकलेल्या तरुणांपैकी काहींना ती सुधारणेची खूणच वाटू लागली. याविरुद्ध चळवळही उभी राहिली. मिशनरी मंडळींनी आपल्या शाळांतून व देवळांतून मद्यत्यागाच्या शपथा घेवविल्या. १९०८ साली पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने दारूच्या गुत्त्यांवर निरोधन झाले. गडकरी तेव्हा पुण्यातच, ऐन तारुण्यात होते. मद्यपानाचे दुष्परिणाम दाखविणारी नाटकेही त्यांच्यापूर्वी झाली होती. त्यांच्या गुरूंच्या ‘मूकनायका’तही हा विषय आला आहे. म्हणजे विषय जुनाच होता. गडकऱ्यांनी तो पिणाऱ्याच्या आतून पाहिला, हे नवे.

आता नाटकाची कथा संक्षेपाने सांगतो. सुधाकर हा तरुण वकील. लहानपणापासून पोरका, स्वतःच्या हिमतीवर शिकून वर आलेला, तल्लख, आणि मानी. त्याची पत्नी सिंधू ही सधन घराण्यातील मुलगी, पतीवर जीव टाकणारी. घरात एक तान्हे बाळ आहे, सुधाकराची बालविधवा बहीण शरद आहे, आणि रामलालासारखा विचारी मित्र आहे. पण तो विलायतेस जावयास निघाला आहे. अशा सुखाच्या घरावर एके दिवशी कुऱ्हाड कोसळते ती कोठून? कोर्टातून. न्यायासनावरील माणसाशी सुधाकराची चकमक उडते आणि काही महिन्यांकरिता त्याची सनद काढून घेतली जाते. इतकेच घडते. कोणी मेले नाही, घर जळाले नाही, उपासमारीचीही पाळी आली नाही. परंतु ज्याने आयुष्यात आपल्या बुद्धीखेरीज दुसरे भांडवल जाणले नाही, त्याचा त्या बुद्धीच्याच बाजारात उघड अपमान झाला. त्याची झोप उडते. तोच तो प्रसंग डोळ्यांपुढे येत राहतो, आणि लोक आपल्याकडे बोट दाखवून हसत आहेत असे त्यास वाटू लागते.

नेमक्या या वेळी तळीराम पुढे येतो. हा सुधाकराच्या पदरचा माणूस, स्वतः पक्का मद्यपी. तो काही सुधाकराला चैन करावयास बोलावीत नाही; मेजवानीचे अथवा शौकाचे आमिष दाखवीत नाही. या जळत्या डोक्याला विसर पडावा म्हणून, औषध म्हणून, तो प्याला पुढे करितो, आणि तोही एकच. वैद्याने मात्रेचे प्रमाण सांगावे त्या थाटाचे हे शब्द आहेत. नाटकाच्या नावातील सगळी भयंकरता त्या ‘एकच’ या शब्दात भरली आहे, असे आम्हांस वाटते. ज्याला तहान आहे तो पाणी किती प्यावयाचे ते ठरवून पीत नाही; ज्याला वेदना आहे तोच मात्रा मोजतो, आणि वेदना उरली म्हणजे मात्रा वाढवितो.

मराठीतील टीकाकारांनी या नाटकावर पुष्कळ आक्षेप घेतले आहेत. सुधाकराचा अधःपात फार लवकर होतो, भाषा फार अलंकृत आहे, करुणरसाचा अतिरेक झाला आहे, असे ते आक्षेप आहेत, आणि त्यांत तथ्य आहे. परंतु अपमान, निद्रानाश, तेच तेच विचार, एकांत आणि मग प्याला, हा जो क्रम गडकऱ्यांनी मांडिला, तो कोणा वैद्यशास्त्रज्ञाने खोडून काढिल्याचे आमच्या वाचनात नाही. उलट शास्त्र त्याच दिशेने चालत आले. १९५६ साली अमेरिकेतील वैद्यकांच्या प्रमुख संस्थेने मद्यासक्ती ही वैद्यकाने उपचार करण्याजोगी व्याधी असल्याचे मान्य केले. १९८५ साली हार्वर्ड येथील मनोविकारतज्ज्ञ एडवर्ड खान्त्झियन यांनी, अफूजन्य मादक द्रव्ये व कोकेन यांच्या आहारी गेलेल्या रुग्णांच्या अनुभवावरून, असा विचार पुढे ठेविला की असे पुष्कळसे लोक सुखाच्या शोधात नसून असह्य झालेल्या मनोवेदनेवर आपल्या मताने औषध करीत असतात. हा विचार सर्वांस सर्वथा लागू पडत नाही; कित्येकांच्या बाबतीत प्याला आधी येतो आणि खिन्नता मागून. तथापि खान्त्झियन यांनी ज्या माणसाचे वर्णन केले तो माणूस मराठी रंगभूमीवर १९१९ सालीच येऊन गेला होता.

या ठिकाणी थोडे शरीरशास्त्र सांगणे इष्ट आहे, कारण तळीरामाच्या औषधाची लबाडी तेथेच आहे. मद्य उत्साह देते असा समज आहे. वास्तविक ते मेंदूची क्रिया मंद करणारे द्रव्य होय. मेंदूत मज्जातंतूंना आवरणारी एक यंत्रणा आहे आणि त्यांना चेतविणारी दुसरी. मद्य पहिलीला बळ देते आणि दुसरीला दाबून धरिते. म्हणून काही घटका छातीची धडधड थांबते, भीती निवते, लाज सुटते, आणि पिणाऱ्याला वाटते की गुण आला. पण मेंदू हा मोठा हिशेबी आहे. रोज रोज हे द्रव्य येऊ लागले म्हणजे तो आपला तोल सावरण्यासाठी चेतविणारी बाजू वाढवून ठेवितो. मग अंमल उतरला की तीच बाजू मोकाट सुटते. पहाटे झोप मोडते, हात कापतात, कारण नसता भय वाटते. त्या माणसाला हे सारे आपल्या मूळच्या चिंतेचेच रूप भासते, आणि तो तिच्यावर पुन्हा तेच औषध घेतो. याप्रमाणे औषधच रोग वाढवीत जाते. खिन्नतेचेही असेच, फार पिणाऱ्या पुष्कळांची खिन्नता पिणे थांबून काही आठवडे गेल्यावर आपोआप उतरू लागते, असे वैद्यांना दिसून आले आहे. ज्यांची उतरत नाही त्यांच्या खिन्नतेवर निराळा उपचार करावा लागतो. दोन्ही रोगांवर एकदमच इलाज केला तर गुण येण्याची आशा अधिक, हे आता सर्वमान्य आहे.

सुधाकराचे पुढे काय झाले? सनद परत मिळण्याचा दिवस येतो, आणि तो कोर्टात जातो तो पिऊनच. त्याची सनद कायमची जाते. विलायतेहून आलेला रामलाल त्यास परोपरीने समजावितो. त्या प्रसंगी सुधाकर आपल्या मित्राला मद्यपीच्या आयुष्याच्या तीन अवस्था समजावून सांगतो. आरंभीच्या अवस्थेत व्यसन सोडण्याची शक्ती असते, पण गरज वाटत नाही. आणि गरज पटते तोवर शक्ती गेलेली असते, असा त्याचा भावार्थ आहे. बुडणारा माणूस स्वतःच्या बुडण्याचे इतके स्पष्ट वर्णन करितो आणि तरीही बुडतो, हे पाहून प्रेक्षकांच्या अंगावर काटा उभा राहत असे. ज्ञान नव्हते म्हणून सुधाकर बुडाला नाही. उपदेश करणाऱ्या आम्हां शिक्षकांनी व पालकांनी हा प्रवेश एकदा शांतपणे वाचावा अशी विनंती आहे.

याहूनही एक कठोर प्रसंग गडकऱ्यांनी पुढे लिहिला आहे, आणि त्याची चर्चा फार थोडी होते. सुधाकर एकदा खरोखरीच दारू सोडतो. मनाशी निश्चय करून तो कामधंदा मागावयास बाहेर पडतो. ज्या प्रतिष्ठित गृहस्थांच्या दारी तो जातो ते त्याला अपमान करून परत लावितात. ज्या जखमेवर पट्टी म्हणून त्याने पहिला प्याला घेतला तीच जखम आता सज्जनांच्या हातून उघडली जाते, आणि सुधाकर परत पिऊ लागतो. या वेळी त्याच्या हाती प्याला देणारा तळीराम नव्हे. स्वच्छ कपड्यांतील, कधी दारूला न शिवलेली माणसे आहेत. गडकऱ्यांनी तळीरामाला व त्याच्या ‘आर्य मदिरा मंडळा’ला हास्यास्पद केले, या गृहस्थांना मात्र त्यांनी हसण्यावारी नेले नाही.

आपल्या आळीतील कोणी व्यसनातून बाहेर येऊन पुन्हा दुकान उघडतो, अथवा नोकरीसाठी शब्द टाकावयास येतो, तेव्हा आपण काय बोलतो? त्याच्या मुलाच्या पाठीमागे वर्गात काय कुजबुज होते? या गोष्टी ज्या घरांतून घडल्या आहेत त्या घरांतील मुले आमच्या शाळेतही आहेत, आणि ती मुले हा अंक वाचणार आहेत, हे जाणूनच हा लेख लिहीत आहे.

सिंधूविषयी लिहिणे अवघड आहे. नवऱ्याचा स्वाभिमान राहावा म्हणून ती माहेरची मदत नाकारते, श्रीमंताची लेक असून लोकांची दळणे दळते, आणि त्याच्याविरुद्ध चकार शब्द काढीत नाही. अखेर नशेत सुधाकराच्या हातून तान्हे बाळ दगावते आणि तीही प्राणास मुकते. मरता मरता ती त्याचा अपराध स्वतः झाकून घेते. त्यानंतर सुधाकर आपले जीवितही संपवितो. त्या काळच्या प्रेक्षकांनी सिंधूला देवी मानिले. आमच्या मते तिच्या प्रेमाला नमस्कार करावा, पण तिचे अनुकरण करण्यास कोणत्याही मुलीस सांगू नये. मारहाण झाकल्याने पिणारा बरा होत नाही, आणि घरातील लहान मुलांचे रक्षण तर मुळीच होत नाही. सिंधूने वेळीच आपल्या भावास, रामलालास अथवा शेजाऱ्यास सारे उघड सांगितले असते तर नाटक करुण झाले नसते. पण बाळ जगले असते.

सिंधूला जाण्यासारखे ठिकाण त्या काळी फारसे नव्हते. सुधाकरासाठीही शपथ, उपदेश आणि वेड्यांचे इस्पितळ यांपलीकडे काही नव्हते. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ पासूनचे जुने. पण भल्या घरची माणसे त्याचे नावही घेण्यास भीत. आज ती स्थिती राहिलेली नाही. मद्यासक्तांनी एकमेकांना आधार देण्याची जी संस्था १९३५ साली अमेरिकेत जन्मली तिच्या सभा आपल्या देशात गावोगाव भरतात. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता उर्फ सुनंदा अवचट व डॉ. अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले, आणि व्यसनी माणसाशी अपराध्याप्रमाणे न वागता पाहुण्याप्रमाणे वागण्याचा पायंडा पाडला. २०१७ सालच्या मानसिक आरोग्याच्या कायद्याने मद्य व मादक द्रव्यांच्या अतिरेकातून होणाऱ्या मनोविकारांनाही आजारातच गणिले, आणि उपचार हा रुग्णाचा हक्क ठरविला. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ नावाची सरकारी सेवा सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर दिवसा वा रात्री कोणीही, मराठीतून, विनामूल्य बोलू शकतो. विद्यार्थ्यांनाही बोलता येते. एक सूचना मात्र पालकांसाठी आवश्यक आहे. पुष्कळ दिवस रोज फार पिणाऱ्या माणसाने घरच्या घरी एकाएकी पिणे बंद केले तर झटके येण्याचा, भ्रम होण्याचा, क्वचित प्राणावर बेतण्याचाही संभव असतो. नुसती शपथ घेववून त्याला खोलीत कोंडून ठेवू नये. आधी डॉक्टरांस दाखवावे.

आता पुन्हा गडकऱ्यांकडे वळू. १९१८ व १९१९ ही वर्षे मराठी काव्यास फार वाईट गेली. ५ मे १९१८ रोजी बालकवी ठोमरे रेल्वेच्या अपघातात गेले; १९१९ च्या जानेवारीत गडकरी गेले; आणि ९ मे १९१९ रोजी, ज्यांच्या घरी बालकवींना आईबापांची माया मिळाली होती ते रेव्हरंड नारायण वामन टिळकही गेले. गडकऱ्यांचा आजार जडला तेव्हा त्यांच्या हाती एकाहून अधिक नाटके होती. प्रकृती खालावत चालली, तेव्हा भावाकडे सावनेरास येऊन ते राहिले. ‘एकच प्याला’ लिहून झाले होते. त्यातील पदे रचण्याचे काम मात्र त्यांच्या हातून झाले नाही, ते त्यांचे मित्र विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी केले. ‘भावबंधना’चा शेवट उरला होता. अंगात ज्वर, छातीत खोकला, आणि उठून बसण्याचीही ताकद नाही अशा स्थितीत या माणसाने एक हसते खेळते नाटक पुरे करीत आणिले. मृत्यूच्या अगोदर थोड्याच वेळापूर्वी त्याचा अखेरचा प्रवेश पुरा झाला, असे सांगतात.

त्यानंतर महिना लोटण्याच्या आतच, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, बडोद्यास गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. सुधाकराची भूमिका गणपतराव बोडस यांची होती आणि सिंधूची बालगंधर्वांची. ज्या बालगंधर्वांना भरजरी शालूंत व दागिन्यांत पाहण्याची महाराष्ट्राला सवय होती, ते या नाटकात ठिगळे लावलेले लुगडे नेसून जात्यावर दळावयास बसले. नवसारीला जन्मलेल्या नाटककाराचे नाटक त्याच्या जन्मभूमीच्या संस्थानाच्या राजधानीत प्रथम उभे राहिले, आणि ते पाहावयास तो नव्हता. प्रयोग संपल्यावर बडोदेकर प्रेक्षक डोळे पुशीत घरोघर गेले. त्यांच्यापैकी किती जणांच्या कपाटात बाटली होती हे कोण सांगणार. परंतु हे नाटक पुढे गावोगाव वर्षानुवर्षे चालत राहिले, आणि नागपूरच्या रसिकांनीही ते पुन्हा पुन्हा पाहिले.